राज्यसेवेची टिपणे आणि आउटलाइनर

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यावर टिपणे काढण्याची पद्धतही बदलावी लागली. पर्यायांतून उत्तर निवडायचे असताना सुटी माहिती पाठ असली तरी निभावत असे. परंतु गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या सात पेपरांत १७५० गुणांची उत्तरे हाताने लिहायची, तर तीच माहिती मुद्द्यांच्या क्रमाने मनात बसलेली असावी लागते. हा क्रम लावण्यासाठी मला आउटलाइनर उपयोगी पडला.

आउटलाइनरमध्ये प्रत्येक ओळ हा एक मुद्दा असतो, त्याच्या पोटात उपमुद्दे असतात, ते मिटवता किंवा उघडता येतात, आणि मुद्दा हलवला की त्याखालचे सगळे त्याच्याबरोबर हलते. वहीत न जमणारी गोष्ट ती हीच.

साधन निवडण्यात फार वेळ घालवू नये. वर्डमध्ये आउटलाइन व्ह्यू आहेच. तेथे ऑल्ट आणि शिफ्ट दाबून बाणाच्या कळांनी मुद्दे वरखाली सरकवता येतात. मोबाइलवरही काम करायचे असल्यास वर्कफ्लोई सोपे आहे, मात्र त्याच्या मोफत खात्यात नव्या नोंदींवर मासिक मर्यादा असते. खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेला ऑर्ग मोड साध्या मजकुराच्या फाइलवर चालतो आणि अतिशय समर्थ आहे. पण तो ईमॅक्स या मजकूर संपादकाचा भाग असल्याने, ईमॅक्स शिकणे हाच तुमचा वैकल्पिक विषय होऊन बसणार नाही एवढे पाहावे.

सुरुवातीला आयोगाचा अभ्यासक्रम जसाच्या तसा वरच्या पातळीवर उतरवावा. त्याखाली पुस्तकातील परिच्छेद चिकटवण्याचा मोह टाळावा, कारण मग आउटलाइनर म्हणजे केवळ अडगळीची खोली होते. पंचायत राज हे प्रकरण घ्या. बहुतेकांच्या टिपणांत समित्या सालवार असतात: बलवंतराय मेहता १९५७, वसंतराव नाईक १९६०, बोंगिरवार १९७०, अशोक मेहता १९७७, पुढे बाबुराव काळे आणि प्रा. पी. बी. पाटील. पाठांतराला ही मांडणी ठीक आहे, उत्तराला नाही. त्याऐवजी ‘खरे अधिकार कोणत्या स्तराकडे असावेत?’ असा प्रश्नच शीर्षक म्हणून लिहावा आणि प्रत्येक समितीची त्याविषयीची शिफारस त्याखाली सरकवावी. मग दिसते की बलवंतराय मेहता समितीने पंचायत समितीला कार्यकारी आणि जिल्हा परिषदेला सल्लागार मानले, महाराष्ट्र सरकारच्या नाईक समितीने बळ जिल्हा परिषदेला दिले, तर अशोक मेहता समितीने जिल्हा परिषद आणि मंडल पंचायत (काही गावांची मिळून एक) अशी द्विस्तरीय रचना सुचवली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा बलवान का झाल्या, याचे उत्तर एका शीर्षकाखाली आपोआप जुळून येते. माझ्या मते प्रश्नरूप शीर्षके हाच या पद्धतीचा गाभा आहे. बाकीचे तंत्र दुय्यम.

एखादा मुद्दा दोन ठिकाणी बसतो. पंचायत राजला घटनात्मक दर्जा देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती राज्यव्यवस्थेतही येते आणि ग्रामीण विकासातही. तिची टिपणे एकाच जागी ठेवून दुसरीकडे फक्त दुवा द्यावा, नाहीतर एका प्रतीत केलेली दुरुस्ती दुसऱ्या प्रतीत राहून जाते.

कामांची यादी वेगळ्या ॲपमध्ये ठेवू नये. ‘१९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम वाचणे’ हे काम पंचायत राजच्याच पोटात लिहावे आणि पुढे ‘वाचायचे’ किंवा ‘लिहायचे’ असा ठरलेला खूणशब्द टाकावा. तो शब्द शोधला की सर्व विषयांतील प्रलंबित कामे एकत्र दिसतात, आणि एखादे काम कशासाठी करायचे होते हे त्याच्या वरच्या ओळीवरून कळते. ऑर्ग मोडमध्ये कामाला तारीख जोडली की त्यातली ‘अजेंडा’ ही सोय अशी यादी स्वतः तयार करते.

पातळ्या चारच्या पुढे नेऊ नयेत. त्यापुढचे सहसा पुन्हा उघडले जात नाही. नकाशे आणि आकृत्या मात्र कागदावरच काढाव्यात.

उजळणीच्या वेळी सर्व उपमुद्दे मिटवून फक्त प्रश्नरूप शीर्षक समोर ठेवावे, घड्याळ लावून कागदावर उत्तर लिहावे, मग शाखा उघडून ताडून पाहावे, आणि सुटलेल्या प्रत्येक मुद्द्यापुढे तेथल्या तेथे ‘लिहायचे’ ही खूण करावी.