बारावीच्या निकालाआधीच पुढची तयारी कशी करावी

बारावीचा निकाल साधारण मे महिन्यात लागतो आणि नागपुरातल्या कितीतरी घरांत पुढचा विचार त्याच दुपारी सुरू होतो. बाहेर 45 अंशांचं ऊन, सेतू केंद्रात रांग, प्रवेशाच्या तारखा डोक्यावर. अशा घाईत मुलगा किंवा मुलगी काय म्हणते, हे ऐकायला कोणालाच वेळ नसतो. ही धावपळ टाळायची असेल तर बारावी सुरू होते त्या जूनमध्येच कामाला लागा. त्यासाठी एकच क्रम लक्षात ठेवा: ज्या कामाला दुसऱ्याची सही आणि शिक्का लागतो ते आधी, आपल्या हातातलं नंतर.

कागदपत्रांपासून सुरुवात

मुलाची दहावीची मार्कशीट, टीसी, आधार आणि जातीचा दाखला टेबलावर शेजारी शेजारी मांडा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं आणि आईचं नाव, जन्मतारीख सगळीकडे तीच आहे का ते अक्षर अक्षर बघा. आधारमध्ये फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्या, कारण पुढचे सगळे फॉर्म आधारशी जुळवले जातात. मग डोमिसाईल, म्हणजे अधिवासाचा दाखला, आणि उत्पन्नाचा दाखला. दोन्हीसाठी ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतूत अर्ज करता येतो.

सर्वांत जास्त वेळ जात वैधता प्रमाणपत्राला, म्हणजे व्हॅलिडिटीला लागतो. राखीव जागेवरून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर ते लागतंच. त्यासाठी ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र घेऊन जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे ऑनलाइन अर्ज करायचा असतो. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी आहे.

इथे खरी परीक्षा जुन्या पुराव्यांची असते. पुरावा अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा लागतो. समजा आजोबा काटोल तालुक्यातल्या एखाद्या गावच्या शाळेत शिकले. मग त्या शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टरातला उतारा मुख्याध्यापकांच्या सहीने मागावा लागेल. दिवाळीत आणि उन्हाळ्यात शाळा बंद असते. रजिस्टर जीर्ण असतं, आजोबांचं नाव घरी वेगळं आणि दाखल्यावर वेगळं असतं, आणि मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. घरात काका, आत्या किंवा चुलतभावाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर त्याची प्रत आधी मिळवा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली व्हॅलिडिटी हा फार मोठा आधार असतो. हे काम अकरावीतच सुरू केलं तर उत्तम.

नॉन-क्रिमिलेयर (मागासवर्गातलं कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) या दाखल्यांत मात्र उलट काळजी घ्या. त्यांची मुदत आर्थिक वर्षाशी, म्हणजे 31 मार्चशी बांधलेली असते. डिसेंबरात काढलेला दाखला मार्चअखेर संपणारा असेल तर जूनच्या प्रवेशाला तो चालणार नाही. दाखल्यावर छापलेली मुदत स्वतः वाचा आणि गरज असेल तर एप्रिल उजाडताच नवा काढा.

मुलाशी बोलताना

‘पुढे काय करायचं ठरवलं?’ या प्रश्नाला सतरा वर्षांचं पोर बहुधा शेजारच्याचं उत्तर देतं. त्याऐवजी कोणतं काम करताना वेळेचं भान राहत नाही, कोणत्या विषयाचं पुस्तक न सांगता उघडलं जातं, हे विचारा. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत त्याला दोन-तीन जणांना भेटवा: मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत काम करणारी नर्स, कोराडीच्या वीज केंद्रातला तंत्रज्ञ, बुटीबोरीच्या कारखान्यातला सुपरवायझर, वकील, बँकेतली मावशी. कामाचे तास काय, सुरुवातीचा पगार किती, शिकायला किती वर्षं गेली, हे त्याने स्वतः विचारावं. तुम्ही शेजारी बसा, पण गप्प बसा. माझं अगदी प्रामाणिक मत आहे की अशी एक भेट करिअर मेळाव्यातल्या पन्नास माहितीपत्रकांपेक्षा जास्त शिकवते.

तीन पायऱ्यांची यादी

आता एका वहीत तीन पर्याय लिहा: खूप हवा असलेला, आजच्या मार्कांवर मिळण्यासारखा, आणि काही बिनसलं तरी हातात राहणारा. तिसरा पर्याय रिकामा ठेवू नका आणि तो मुलाने मनापासून स्वीकारलेला असू द्या.

नागपुरात पर्याय कमी नाहीत. व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटी या इंजिनिअरिंगच्या संस्थांसाठी जेईई मेन. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो आणि एम्ससाठी नीट. पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ताही नीटवरूनच जातो, आणि त्याचं विद्यापीठ, माफसू, नागपुरातच आहे. 1942 पासूनची एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, रसायन तंत्रज्ञानासाठी नावाजलेली. राज्याच्या एमएचटी-सीईटी या एकाच प्रवेश परीक्षेतून इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी अशी तीन दारं उघडतात. पाच वर्षांच्या लॉची सीईटी वेगळी असते.

एक गोष्ट अजून बऱ्याच घरांना माहीत नाही: 2024 पासून बीबीए, बीसीए यांनाही सीईटी आहे. फॉर्म बारावीची परीक्षा आटोपेपर्यंत बंदही होऊ शकतो, म्हणून कॉमर्सच्या मुलांनीही जानेवारीपासून सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कक्षाच्या वेबसाइटवर लक्ष ठेवावं.

बीए, बीकॉम, बीएस्सी करायचं असेल तर नव्या शैक्षणिक धोरणाची रचना समजून घ्या. तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स; पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबण्याची सोय आहे. तसंच आयटीआयला कमी लेखू नका. आयटीआय झाल्यावर रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपसारख्या ठिकाणी अॅप्रेंटिस म्हणून शिकता शिकता विद्यावेतन मिळतं. बारावी सायन्स किंवा आयटीआय केलेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

पैशाचा हिशेब, मुलासमोर

फी, वसतिगृह, मेस, बस, पुस्तकं असा पूर्ण खर्च वहीत लिहा आणि तो मुलापासून लपवू नका. मग सवलती तपासा. कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत गेली. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचे. घरापासून दूर राहणाऱ्यांसाठी स्वाधार, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. महाज्योती या सरकारी संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे; ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी तिथून नीट, जेईई, सीईटीचं मोफत प्रशिक्षण मिळतं.

शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. बँकेत जाऊन मुलाच्या स्वतःच्या खात्याचं आधार सीडिंग झालंय का, ते विचारा. लहानपणी उघडलेलं खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी करावी लागते. एवढ्याशा गोष्टीवरून पैसे अडकतात.

ऑप्शन फॉर्म भरताना

कॅपचा ऑप्शन फॉर्म कॅफेवाल्याच्या हाती देऊ नका. सीईटी सेलच्या वेबसाइटवरून मागच्या वर्षीचे कटऑफ काढा. कॉलेज, शाखा आणि आपला प्रवर्ग, तिन्ही बघून यादी करा. क्रम लावताना हवं ते वर, मिळण्यासारखं खाली. पहिल्या राउंडमध्ये पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, म्हणून जिथे जायचंच नाही ते कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पूर्ण वाचा, कारण नियम बदलत असतात. यादीतली नागपुरातली कॉलेजं प्रत्यक्ष बघून या. प्रयोगशाळा उघडी आहे का आणि शेवटच्या वर्षाची मुलं काय सांगतात, एवढं कळलं तरी पुरे.

मनासारखं झालं नाही तर

नापास झाल्यास जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, आणि कमी गुण असतील तर श्रेणीसुधारची, म्हणजे पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढवण्याची सोय आहे. पुन्हा एक वर्ष नीट किंवा जेईईसाठी देण्याआधी मुलाला एकट्याने विचार करू द्या. जेईई मेन सलग तीन वर्षंच देता येते. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, म्हणून ती घरात ठरवावी लागते. वर्ष द्यायचंच ठरलं तर मागच्या वेळी नेमकं कुठे अडलं ते आधी कागदावर लिहा आणि सोबत एखाद्या पदवीचा प्रवेशही घेऊन ठेवा.

निकालाच्या आठवड्यात मूल गप्प झालं, जेवेनासं झालं, झोप उडाली, तर मार्कांचा विषय पूर्ण बाजूला ठेवा आणि जवळ बसा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास समुपदेशक बोलतात, मराठीतही. हा क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये निकालाआधीच सेव्ह करून ठेवा.