आधी मुद्दाम चुकीचं उत्तर टाकून बघा

गणिताचा एखादा ऑनलाइन सराव-संच मुलांना देण्याआधी स्वतः सोडवा, आणि सोडवताना मुद्दाम चुका. १/२ + १/३ चं उत्तर २/५ टाका. अंशात अंश, छेदात छेद मिळवण्याची ही चूक मुलं हमखास करतात. त्यावर नुसती लाल फुली आली, तर तो संच फक्त तपासतो, शिकवत काही नाही. २/५ तर १/२ पेक्षाही लहान, मग मिळवल्यावर संख्या कमी कशी झाली? हे मुलाच्या लक्षात आणून देणारं साहित्य मी लगेच ठेवून घेते.

मग १०/१२ टाका. हे ५/६ च, म्हणजे बरोबर उत्तरच आहे. ‘अतिसंक्षिप्त रूप द्या’ असं सांगितलं तर ठीक. सरळ चूक ठरवलं, तर सममूल्य अपूर्णांकांबद्दल मुलाचा उगाच गोंधळ होतो.

जिओजेब्रा या गणिताच्या ऑनलाइन साधनावर कुणीही आपली कृती टाकू शकतं, त्यामुळे प्रत्येक कृती तपासून घ्या. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढून पाहा. कोनांची मापं पूर्ण अंशांत दाखवली असतील, तर ६०.४, ६०.४ आणि ५९.२ हे कोन ६०, ६० आणि ५९ दिसतात आणि बेरीज १७९ भरते. एखादी चौकस मुलगी ते पकडणारच. दशांश स्थळं वाढवून ठेवा, किंवा त्यावरच चर्चा घ्या, खरं तर तो फार छान तास होतो.

इंटरनेट रखडत असेल, तर फेट (PhET) या संकेतस्थळावरची एचटीएमएल-५ सिम्युलेशन्स, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या, हाताळून बघायच्या कृती, आधी उतरवून ठेवा. ती ऑफलाइन चालतात.