लेकीकडे जाताय? आधी लेकचा वारा बघा

मे महिन्यात ठाण्यातून बाहेर पडायचं म्हणजे सुटल्यासारखं वाटतं, त्यात लेक फोनवर सांगते की आई आता इकडे स्प्रिंग आलाय मस्त हवा आहे या तुम्ही, मग काय बॅगा भरल्याच. आमची लेक असते अमेरिकेत डुलूथला, मिनेसोटात, लेक सुपिरिअर नावाच्या सरोवराच्या अगदी पश्चिम टोकाला. (लेकीकडे लेकवर हा विनोद आमच्या ह्यांनी इतक्यांदा केलाय की आता घरात कुणी हसत पण नाही.) आमच्या ओळखीतले बरेच जण मुलांकडे मे-जूनमध्येच जातात, मिशिगन, विस्कॉन्सिन, त्या सगळ्या पट्ट्यात, म्हणून तिथला हवामानाचा अंदाज कसा वाचायचा ते लिहितेय, कारण आम्ही तो वाचला होता आणि तरीही फसलो.

झालं असं, फोनवर ७२ दिसत होतं. ७२ फॅरेनहाइट म्हणजे आपले २२, एकदम महाबळेश्वर. लेकीचं घर वर टेकडीवर, तिथे ऊन छान पडलेलं, मी कॉटनचा कुर्ता आणि हे फ्लोटर्स घालून निघाले. गाडी उताराला लागली आणि समोरच्या डॅशबोर्डवरचा आकडा उतरायला लागला, ७०, ६६, ५८, मला वाटलं बिघडलंय काहीतरी, जावई म्हणाले आई काच वर घ्या, आणि खाली लेकच्या काठावर कॅनल पार्कला पोचेपर्यंत ४६. पंधरा मिनिटांत २२ चे ८! पहिला अर्धा तास आम्ही एका दुकानात हुडी शोधत होतो, आणि त्या एका हुडीच्या किमतीत इथे गावदेवी मार्केटात चार स्वेटर आले असते.

तर पहिली गोष्ट, शहराच्या नावाने अंदाज बघू नका. डुलूथचा जो अधिकृत आकडा असतो तो विमानतळावरचा, आणि विमानतळ आहे वर डोंगरावर, साधारण १,४०० फुटांवर, लेकचं पाणी ६०० फुटांवर. आपल्याकडे नाही का, बातम्यांत कुलाबा इतकं आणि सांताक्रुझ तितकं असं सांगतात आणि आपण ठाणेकर म्हणतो आमचं काय, अगदी तसंच. तिथल्या सरकारी नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर नकाशा असतो, त्यात जिथे जायचंय तिथेच बोट ठेवा, किनाऱ्यावर जायचंय तर किनाऱ्यावर, मग त्या ठिकाणचा अंदाज येतो. आणि मजकूर वाचा, नुसतं सूर्याचं चित्र बघून पुढे जाऊ नका, कारण मे महिन्यात त्यात बऱ्याचदा एक ओळ असते, कूलर निअर द लेक. आम्ही ती वाचली होती आणि मला वाटलं कूलर म्हणजे ठाण्यात तलावपाळीला संध्याकाळी गार वाटतं तेवढं.

पण ही काय तलावपाळी नाही हो. लेक सुपिरिअर आहे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठं, आणि सगळ्यात खोल जागी ४०६ मीटर. मे महिन्यात वरचं पाणीसुद्धा ३-४ डिग्रीच असतं, फ्रीजमधल्या बाटलीसारखं. गंमत अशी की पाणी ४ डिग्रीला सगळ्यात जड असतं, त्यामुळे हिवाळ्यानंतर ऊन लागून वरचं पाणी जरा तापलं की ते खाली बुडतं आणि खालचं गार वर येतं, म्हणजे ऊन सगळं खोलात मुरत राहतं आणि पाणी वर काही तापत नाही. २०१४ साली तर जून उजाडला तरी लेकमध्ये बर्फ तरंगत होता.

म्हणून दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच खरी, आकड्याच्या आधी वाऱ्याची दिशा बघा. शाळेत खारे वारे मतलई वारे शिकलो ना, तेच इथे, फक्त मीठ नाही. जमीन दुपारी तापली की पाण्यावरची गार हवा आत येते. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे खारे वारे उशिरा सुटले की मुंबई-ठाणे भाजून निघतं आणि लवकर सुटले की हायसं होतं, तिथे तोच वारा सुटला की दातावर दात वाजतात. दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती बाजू, हे लक्षात ठेवा. डुलूथला ईस्ट किंवा नॉर्थईस्ट लिहिलं असेल तर तो अख्खा लेक ओलांडून येतो, स्वेटर जॅकेट कानटोपी सगळं घ्या. साउथवेस्ट असेल तर जमिनीवरून येतो, ऊबदार. पण मिशिगनच्या पश्चिम किनाऱ्यावर उलटं, तिथे लेक मिशिगन पश्चिमेला, म्हणजे वेस्टचा वारा गार, त्यामुळे आधी नकाशात पाणी कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. तासातासाचा आलेख असतो त्यात दिशा कधी बदलतेय ते पण दिसतं, दुपारी बदलत असेल तर फिरणं सकाळीच उरका.

फॅरेनहाइटचं सोपं आहे, ३० वजा करा आणि निम्मे करा, ५० चे १०, ७० चे २०, अगदी बरोबर नाही येत पण कपडे ठरवायला पुरतं.

पावसाचे टक्के बघून लोक उगाच घाबरतात. ४० टक्के म्हणजे दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस असं नाही, तर त्या वेळात त्या जागी मोजण्याइतका पाऊस पडायची शक्यता तेवढी, आणि मोजण्याइतका म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, आपण त्याला पाऊस पण म्हणणार नाही.

तिकीट काढताना जो लांबचा अंदाज बघतात, महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा, त्याच्यावर मात्र फार विसंबू नका. नकाशावर केशरी रंग आणि ४० टक्के दिसलं की आमचे हे म्हणाले यंदा ४० टक्के जास्त गरम आहे, तसं नसतं. तीन खाने असतात, सरासरीपेक्षा थंड, सरासरीइतकं, सरासरीपेक्षा गरम, आणि काहीच माहीत नसेल तर प्रत्येकी ३३. म्हणजे ४० हा नुसता जरासा कल झाला, किती गरम ते त्यात नाहीच. सरासरी धरतात १९९१ ते २०२० ची. आपल्या आयएमडीचा, म्हणजे हवामान खात्याचा, एप्रिलमधला मान्सूनचा अंदाज आठवा, देशाचा पाऊस ८७ सेंटीमीटरच्या सरासरीपेक्षा कमी की जास्त ते सांगतात, घोडबंदरला तुमच्या हॉलवरच्या लग्नात पाऊस येणार का ते त्यातून कसं कळणार. कपड्यांसाठी शेवटच्या पाच-सहा दिवसांचाच अंदाज धरा.

अजून एक, एप्रिलअखेरीस जात असाल तर बर्फ गेला असेल असं गृहीत धरू नका. २०१३ च्या एप्रिलमध्ये डुलूथला महिन्याभरात ५०.८ इंच बर्फ पडला होता, म्हणजे ४ फुटांच्या वर. तिथले लोक टोमॅटोची रोपं पण मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे झाल्याशिवाय बाहेर लावत नाहीत, रात्री दहिवर गोठतं. हवामानाच्या इशाऱ्यात वॉच लिहिलं असेल तर तसं होऊ शकतं, वॉर्निंग असेल तर आलंच म्हणून समजा. आणि ऊन कितीही असो, पाण्यात उतरायचं नाही, ४ डिग्रीच्या पाण्यात पडलं की श्वासच अडकतो, पोहता येणाऱ्यांचा पण.

यंदा परत चाललोय. हुडी ह्यांनी चेक-इन बॅगेत तळाला कोंबली होती, मी काढून केबिन बॅगेत सगळ्यात वर ठेवलीये, आणि फ्लोटर्स इथेच चपलांच्या रॅकवर.