मॉरिशसला राहायला येताय? महिन्याचा खर्च असा मांडा

मॉरिशसच्या एबेन या आयटी कंपन्यांच्या वसाहतीत नोकरी लागली की पुण्या-मुंबईकडच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या पगारात भागेल का? भागतं. पण घर कुठे घेता आणि स्वयंपाकघरात काय शिजवता यावर ते फार अवलंबून आहे. जे जहाजातून येतं ते महाग. जे इथे पिकतं किंवा ज्याचा दर सरकार बांधून देतं ते परवडणारं. एवढं धरून चाललात तर घडी लवकर बसते.

इथलं चलनही रुपयाच. एक मॉरिशस रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात धरा. सुरुवातीला प्रत्येक किंमत मनात दुप्पट होते आणि साधी मेथीची जुडी घेतानाही हात आखडतो. कृपा करून ही सवय लवकर सोडा. पगार याच रुपयांत येणार आहे. गुणाकार करायचा तो फक्त घरी पैसे पाठवताना.

सगळ्यात मोठा खर्च भाड्याचा. ग्रां बे किंवा फ्लिक आं फ्लाकला समुद्राजवळ राहायचं स्वप्न सगळेच घेऊन येतात. तिथलं भाडं पर्यटकांच्या हिशोबाने चालतं, उन्हाळ्यात एसीचं बिल वेगळं, आणि एबेनला रोज ये-जा करण्यात जीव जातो. माझं स्पष्ट मत आहे की पहिलं वर्ष तरी कात्र बॉर्न, रोझ हिल, बो बासां किंवा वाकवा या आतल्या भागातल्या गावांपैकी कुठेतरी घर घ्यावं. दोन बेडरूमची सामानासकट जागा साधारण वीस ते तीस हजार मॉरिशस रुपयांत मिळू शकते. क्युरपीपला भाडं कमी दिसेल, पण ते उंचावर आहे, पाऊस आणि धुकं सतत. कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरी लव चढते. दमा असलेलं कोणी घरात असेल तर तिकडे जाऊच नका.

घर बघायला जाल तेव्हा गच्चीवर चढून पाण्याची टाकी आहे का ते डोळ्यांनी बघा. पाऊस लांबला की ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नळाला ठरावीक वेळच पाणी येतं, आणि टाकी नसलेल्या घरात हाल होतात. गरम पाण्याला सोलर आहे, गॅस आहे की वीज, हेही विचारा. विजेचे दर वापर वाढेल तसे चढत जातात, त्यामुळे सोलर असलेल्या घराला थोडं जास्त भाडं देणं परवडतं. एक-दोन महिन्यांचं डिपॉझिट, चालू महिन्याचं भाडं आणि एजंट असेल तर त्याची फी हे सगळं एकदम द्यावं लागतं. म्हणून पहिला पगार होईपर्यंत हाताशी तीन-चार महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम हवीच.

आता बाजार. कात्र बॉर्नच्या मंडईत बुधवारी आणि शनिवारी भाजी असते, गुरुवारी आणि रविवारी कपडे. भाजीवाली जो दर सांगते तो पुष्कळदा एका 'लिव'चा असतो, म्हणजे अर्ध्या किलोचा. नवीन माणूस किलोचा समजतो आणि पैसे देताना गोंधळतो. दुधी, कारली, पडवळ, दोडका, भेंडी, शेवग्याचा पाला, अळूची पानं सगळं मिळतं. कोथिंबिरीला 'कोतोमिली' म्हणा, टोमॅटोला 'पॉम दामूर', कारल्याला 'मार्गोझ'. क्रेओलचे, म्हणजे इथल्या रोजच्या बोलीचे, चार शब्द बोललात की विक्रेती आपलेपणाने बोलते, आणि ओळख झाली की मिरच्या-कोथिंबीर वर घालते. शनिवारी दुपार कलल्यावर गेलात तर दर उतरलेले असतात. तीच भाजी मॉलमधल्या सुपरमार्केटात प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलेली महाग पडते.

पाव, गॅसचा सिलिंडर आणि पेट्रोल यांचे दर सरकार ठरवतं. मैदा आणि 'रासिओं'चा, म्हणजे रेशनचा, तांदूळ सरकारी अनुदानामुळे स्वस्त असतो. हा तांदूळ जाडसर आहे, नुसत्या भातासाठी कोणाला रुचणार नाही, पण डोशाला आणि घावनाला उत्तम. कणीक मात्र वेगळी घ्यावी लागते आणि ती मैद्याहून बरीच महाग. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, हिंग मोठ्या दुकानांत मिळतात. सगळं बाहेरून आलेलं, त्यामुळे भाव तसाच.

दुधाचं आधीच सांगून ठेवते. पिशवीतलं ताजं दूध रोज दारात येईल ही अपेक्षा सोडा. इथली बहुतेक घरं दूध पावडरीवर चालतात, आणि तीही आयातीची. फुल क्रीम पावडर कोमट पाण्यात जरा घट्ट कालवून विरजण लावलं तर कवडीसारखं दही लागतं. चहा मात्र इथलाच घ्या, बुआ शेरी या मळ्याचा; व्हॅनिलाचा वास आवडत नसेल तर साधा मागा.

कोकणातून येणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं: चारी बाजूंनी समुद्र असूनही ताजी मासळी स्वस्त नाही. चिकन आणि अंडी बेटावरच होतात, ती परवडतात. बाहेर खायचं तर ढोल पुरी, म्हणजे डाळ भरलेली पातळ पोळी. जोडीने विकतात, वर वालाची भाजी आणि चटणी. एका जोडीत दुपार निभते. हॉटेलात मात्र बिलावर पंधरा टक्के व्हॅट असतो, मेनूवरचा दर तो धरून आहे का ते बघा.

नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत चक्रीवादळांचा हंगाम. वादळ गेलं की पुढचे काही आठवडे पालेभाजी आणि टोमॅटोचे दर आकाशाला भिडतात. 2024च्या जानेवारीत बेलाल वादळात राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पाण्याने गाड्या वाहून नेल्या. या महिन्यांत डाळी, कांदे-बटाटे, मेणबत्त्या, पिण्याचं पाणी आणि भरलेला सिलिंडर घरात असू द्या. वादळाचा सरकारी इशारा तिसऱ्या, म्हणजे गंभीर, वर्गाचा झाला की दुकानं बंद होतात, तेव्हा धावपळ करून उपयोग नाही.

गाडी घ्यायची घाई करू नका. करांमुळे गाड्या फार महाग आहेत, जपानहून आलेल्या जुन्यासुद्धा. मेट्रो पोर्ट लुईहून क्युरपीपपर्यंत जाते आणि रोझ हिलहून एक फाटा एबेन-रेदुईकडे वळतो. बस स्वस्त आहे, पण संध्याकाळी सात-साडेसातनंतर विरळ होते. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या.

नोकरीचं पत्र हातात आलं की तीन गोष्टी लेखी विचारा: दरमहा कर कापून हातात किती येणार, वैद्यकीय विम्यात घरचे धरलेत का, आणि वर्षाअखेरचा बोनस तुम्हाला लागू आहे का. बोनसची तरतूद इथल्या कायद्यातच आहे. मुलं असतील तर खासगी शाळेची फी आधी विचारून घ्या, कारण भाड्यानंतर तोच मोठा आकडा.

इथल्या मराठी कुटुंबांशी ओळख वाढवा. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर करारावर आले. घरात आता क्रेओल बोलतात, पण गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि आरत्या मराठीत होतात. कोणाचं घर रिकामं होतंय, कुठला गवंडी विश्वासाचा, हे या मंडळींना आधी कळतं, आणि अशा ओळखीतून मिळालेल्या घराला एजंटची फी पडत नाही.

बॅगेत गोडा मसाला, आमसुलं, कुकरच्या जादा रिंगा आणि तीन चौकोनी पिनांचे अडॅप्टर भरा. वीज 230 व्होल्टच आहे, मिक्सर चालतो, फक्त आपली पिन बसत नाही. बिया, रोपं, ताजी फळं आणू नका, विमानतळावर काढून घेतात.