अभिजात निबंध, तत्त्वज्ञान आणि कविता यांचे वाचन व मनन

निबंध, तत्त्वज्ञान आणि कविता हे तिन्ही प्रकार वाचकाला वेगवेगळे काम सांगतात, आणि ते काम ओळखल्याशिवाय कितीही पाने उलटली तरी हाती फारसे लागत नाही. वाचायला बसताना जवळ वही आणि पेन्सिल असावी. एका बैठकीत एक निबंध, तत्त्वज्ञानाची चार-पाच पाने किंवा एकच कविता पुरेशी आहे. टिपा असलेली आवृत्ती मिळाली तर उत्तम. मात्र प्रस्तावना मूळ मजकुरानंतर वाचावी, कारण ती आधी वाचली की आपले पहिले मत दुसऱ्याच्या मतावर बेतले जाते.

निबंधात विचार घडत असताना दिसतो. फ्रेंच निबंधकार मिशेल द माँतेन यांनी आपल्या लेखनाला ‘एसे’ (essai) हा जो फ्रेंच शब्द वापरला, त्याचा अर्थच ‘प्रयत्न’, ‘कस लावून पाहणे’ असा आहे. १५८० मध्ये पहिली आवृत्ती निघाल्यावरही १५९२ मध्ये निधन होईपर्यंत ते त्यात भर घालत राहिले. म्हणून अशा लेखनातील विषयांतर दोष समजून ओलांडू नये. पहिल्या वाचनात विचार जिथे वळतो तिथे समासात रेघ मारावी आणि दुसऱ्या वाचनात त्या वळणाचे कारण एका वाक्यात लिहावे.

तत्त्वज्ञानाला सर्वाधिक वेळ द्यावा लागतो. शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडण्याची, म्हणजे ज्याचे खंडन करायचे ते मत त्याच्या पूर्ण बळानिशी सांगण्याची रीत आहे. वाचकानेही ग्रंथकाराशी असेच वागावे असे मला मनापासून वाटते. त्याचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत वहीत उतरेपर्यंत आपला आक्षेप लिहू नये. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांनी १६४१ मध्ये आपली सहा चिंतने प्रसिद्ध केली तेव्हा समकालीन विद्वानांचे आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरेही सोबत छापली, आणि त्या उत्तरांमध्येच, पहिल्या चिंतनातील विषयावर वाचकांनी पुढे जाण्यापूर्वी काही महिने, निदान काही आठवडे तरी विचार करावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. त्याच शब्दाचा प्रत्येक दर्शनात, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या प्रत्येक परंपरेत, तोच अर्थ असेल असेही धरून चालू नये. ‘गुण’ म्हटले की व्यवहारात चांगुलपणा आठवतो, सांख्य दर्शनाला प्रकृतीचे सत्त्व, रज आणि तम हे तीन घटक अभिप्रेत असतात, तर वैशेषिक दर्शनाच्या मते गुण हा द्रव्याच्या, म्हणजे वस्तूच्या, आश्रयाने राहणारा स्वतंत्र ‘पदार्थ’, म्हणजे अस्तित्वाचा एक वेगळा प्रकार आहे. अशा शब्दांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर वाढवत न्यावी. संवादरूप ग्रंथ असेल तर कोणते विधान कोणत्या पात्राच्या तोंडी आहे याचीही नोंद ठेवावी, कारण प्लेटोच्या संवादांत पात्राचे मत हे ग्रंथकाराचेच मत आहे असे सरसकट म्हणता येत नाही.

कविता आधी दोनदा मोठ्याने वाचावी. ज्ञानेश्वरीतील ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड असतो. त्या आखूड चरणावर आवाज कसा विसावतो हे डोळ्यांनी वाचून कळत नाही. त्यानंतर अन्वय लावावा, म्हणजे कर्ता, कर्म आणि क्रियापद गद्याच्या क्रमाने मांडून पाहावे. अर्थ असा लागला तरी काम अर्धेच झालेले असते. आता मूळ ओळीकडे परत येऊन, गद्याच्या क्रमात आधी येणारा शब्द कवीने शेवटी का ठेवला, त्याच्या जागी समानार्थी शब्द घातला तर काय हरवते, हे पाहावे. मला कवितेचे खरे वाचन इथून सुरू होते असे वाटते, आणि पुष्कळ वाचक नेमके इथेच थांबतात याचे वाईट वाटते.

बृहदारण्यक उपनिषदात श्रवणानंतर मनन आणि निदिध्यासन, म्हणजे ऐकलेल्यावर विचार करणे आणि मग त्याचे सतत ध्यान करणे, सांगितले आहे. वाचनापुरते मननाचे एक साधे रूप असे आहे: दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता काल वाचलेले दहा ओळींत लिहावे आणि मग मूळाशी ताडून पाहावे. जे गळले ते बहुधा आपल्याला पटले नव्हते किंवा समजले नव्हते; यांपैकी काय झाले हे ठरवूनच पुढचे पान घ्यावे. प्रत्येक टिपणावर तारीख घालावी, आणि वर्षभराने तोच मजकूर पुन्हा वाचताना जुने टिपण न खोडता त्याच्या शेजारी नवे लिहावे.