ऑटिस्टिक मुलांचं सर्टिफिकेट आणि ड्रायव्हिंग: या चुका टाळा

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, आणि गेल्या वर्षी त्याला चारचाकीचं लायसन्स मिळालं. तेव्हापासून कुणाची ना कुणाची ओळख काढून फोन येतात, की ताई आमच्याही मुलाला गाडी शिकवायचीय पण दिव्यांग सर्टिफिकेट असलं तर लायसन्स अडेल का हो. आणि दुसरा फोन बरोबर उलटा, लायसन्स काढलं तर सर्टिफिकेट जाईल का. अहो, सर्टिफिकेटवर गाडी चालवू नये असं कुठे लिहिलेलं नसतं आणि लायसन्स मिळालं म्हणून ऑटिझम जात नाही. पण थोडं बोललं की कळतं भीती कसली आहे, दोन खिडक्यांवर दोन वेगळे मुलगे सांगितलेले असतात. सर्टिफिकेट देणाऱ्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये "याला काहीच जमत नाही" आणि आरटीओत "याला सगळं जमतं". मग कोण कधी पकडेल म्हणून झोप उडते.

मी स्वतः तिसराच प्रकार केला होता, तो आधी सांगते कारण तो जास्त लोक करतात.

मेडिकल बोर्डासमोर मुलाला सजवून नेणं

दहावीला जादा वेळ मिळावा म्हणून सर्टिफिकेट काढायचं ठरलं तेव्हा तो १४ चा होता. सर्टिफिकेटच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला, सिव्हिलची तारीख आली, आणि मी काय केलं, तर आठवडाभर त्याची तयारी करून घेतली. नमस्कार कर, डॉक्टरांच्या डोळ्यात बघ, नाव पूर्ण सांग, हात हलवू नकोस. नवा शर्ट. पाहुणे येणार असले की आपण मुलांना जसं करतो तसं, त्यात काही विचार असा नव्हताच. पोरानं सगळं पाठ करून चोख करून दाखवलं. डॉक्टर म्हणाले "हा तर छान बोलतो की", मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू, आणि पुढचे सगळे प्रश्न मी त्या अभिमानातच उत्तरले. मित्र आहेत का? आहेत की. आवाजाचा त्रास होतो? कधी कधी. बदल चालतो? सवय लावलीय आम्ही. स्कोअर आला ७० च्या खाली. म्हणजे कागदोपत्री ऑटिझमच नाही. घरी आल्यावर तो रात्री दोनपर्यंत पंख्याखाली उभा राहून हात हलवत होता, दिवसभराचं दाबून ठेवलेलं.

आपल्याकडे मेडिकल बोर्डात ऑटिझमसाठी जी इसा (ISAA) नावाची मोजणी वापरतात तिच्यात ४० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. हे गुण "जमतं की नाही" यावर नसतात, ती गोष्ट किती वेळा होते यावर असतात. त्यामुळे "कधी कधी" हे आईबापांचं लाडकं उत्तर सगळ्यात घातक. कधी कधी म्हणजे महिन्यातून एकदा की दिवसातून चारदा? निकाल पटला नाही तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५९ खाली अपील करता येतं, पण आमच्या बाबतीत चूक बोर्डाची नव्हतीच, म्हणून मी पुन्हा अर्ज केला आणि मधल्या काळात एक वही घातली. तीन आठवडे, जे दिसेल ते, तारखेसकट. "मंगळवार. मिक्सर लावला, कान दाबून बाथरूममध्ये, २५ मिनिटं." "शाळेची रिक्षा बदलली, बसलाच नाही, चालत गेला." "दूधवाल्यानं विचारलं बाबा आहेत का, आहेत म्हणाला आणि दार लावून घेतलं."

दुसऱ्या वेळी नेहमीचा मळका टीशर्ट, कानावर हेडफोन, आणि मी वही पुढे ठेवली. या वेळी दिव्यांगत्व ५०% लागलं. लाभासाठी किमान ४०% लागतात, एसटीची ७५% सवलत असो नाहीतर इन्कम टॅक्सची वजावट.

आणि एजंट सांगतात ते "बोर्डापुढे त्याला बोलूच देऊ नका", तेही करू नका प्लीज. मुलाला सगळं ऐकू येतं. आपल्याच आईनं आपल्याला येडं ठरवायचं नाटक केलं हे तो विसरत नाही.

कागदपत्रांच्या बाकीच्या चुका पटापट सांगते. सर्टिफिकेट टेम्पररी असेल तर त्यावरची मुदत बघा, संपल्यावर जाग येते लोकांना. 'निरामय' या सरकारी योजनेचा एक लाखाचा आरोग्य विमा दर वर्षी रिन्यू करावा लागतो, तो आपोआप होत नाही. टॅक्समध्ये सगळे ज्याला ८०डीडी म्हणतात ती ७५,००० ची वजावट (८०% पासून पुढे १,२५,०००) जुन्या रिजीमलाच मिळते, नवी घेतली असेल तर सीएशी भांडू नका. कार घेताना दिव्यांगांना जीएसटी कमी लागतो असं ऐकून शोरूममध्ये गेलेले दोघे मला माहीत आहेत, ती योजना अस्थिव्यंगांसाठी होती, ऑटिझमला नाही. आणि अठरा झाल्या झाल्या, कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली ती जिल्ह्याची लोकल लेव्हल कमिटी असते तिच्याकडून मुलाचं कायदेशीर पालकत्व घेऊन टाकायचं, का तर सगळे घेतात, हीही चूकच. ज्याला खरंच गरज आहे त्याच्यासाठी ती चांगली सोय आहे, पण एकीकडे "याला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत" असा अर्ज आणि दुसरीकडे स्टिअरिंग हातात, हे मला तरी जुळत नाही. आधी ठरवा.

सोळाव्या वर्षी स्कूटर

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हे खरंय, पण ते ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं. घरातली अ‍ॅक्टिव्हा त्यात बसत नाही. २०१९ पासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. "गल्लीतल्या गल्लीत" हा शब्द कायद्यात नाही. इतकी घाई असेल तर सायकल द्या, रस्त्यावरची सायकल जमली नाही तर पुढचं काहीच जमणार नाही, हे माझं ठाम मत.

लर्निंगची परीक्षा बाबांनी देणं

घरबसल्या आधारवरून देता येते ना, मग बाबा शेजारी बसून माऊस हलवतात. कशाला? या मुलांना पाठांतराचं वेड असतं, माझ्यानं सगळी चिन्हं एका रविवारात पाठ केली आणि मग मलाच चुका सांगायला लागला. जी गोष्ट त्याला तुमच्यापेक्षा चांगली येते नेमकी तीच काढून घेता तुम्ही.

फॉर्म १ मध्ये तब्येतीबद्दल स्वतःचं सही केलेलं निवेदन असतं. फिट येतात का हा प्रश्न त्यात आहे. ऑटिझमबरोबर फिट्स असणारी मुलं बरीच असतात, येत असतील तर तिथे "नाही" लिहू नका, गाडीचा विषय तिथेच संपवा.

गाडीत तीन जणांनी बोलणं

आता माझी आवडती चूक. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, डबल कंट्रोलची, शिकवणारे दादा स्वभावानं चांगले. तिसरा दिवस. हा चालवतोय, दादा शेजारी, मागे मी आणि याचे बाबा, कारण आम्हाला घरी राहवेना. एक डावं वळण घेतलं, छान घेतलं, आणि दादा म्हणाले "आता सोड, सोड". म्हणजे वळण झालं, स्टिअरिंग सैल सोड, ते आपोआप सरळ होईल. यानं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि दोन्ही पायही उचलले. सोड म्हणाले ना. गाडी एका उभ्या टेम्पोकडे निघाली. मागून बाबा ओरडले "अरे धर!" काय धर ते सांगितलं नाही, यानं जवळ होता तो हँडब्रेक धरला. मी नुसतीच किंचाळले. दादांनी ब्रेक दाबला म्हणून टेम्पो वाचला. दादा म्हणाले, "अरे मी सोड म्हणजे..." तर हा शांतपणे, "सोडलं".

पुढे दोन महिने तो गाडीत बसला नाही. पुढच्या सीटवर पण नाही.

त्या दोन महिन्यांत मी आणि दादांनी बसून शब्द ठरवले. "सोड" हा शब्द गाडीत बंद. त्याऐवजी "स्टिअरिंग सैल". "थांब" म्हणजे ब्रेक पूर्ण दाबून गाडी जागेवर उभी, दुसरा अर्थ नाही. "सरळ जा" बंद, कारण रस्ता वळला तरी हा सरळ जाईल की काय याची मला खात्री नव्हती, म्हणून "पुढच्या सिग्नलपर्यंत हाच रस्ता". "कट मार", "दाब जरा", "बघून घे" सगळं बंद. कागदावर नऊच शब्द होते, तो कागद त्यानं आधी वाचून एक दुरुस्ती केली आणि मगच गाडीत बसला. गाडीत फक्त दादा बोलणार. चुका सांगायच्या त्या गाडी बाजूला लावून, इंजिन बंद करून. आणि बाबा घरी.

त्याच वेळी ऑटोमॅटिक गाडीवर गेलो. आमच्यातले काका लोक याला चीटिंग म्हणतात. पण आपल्याकडे कारच्या लायसन्सवर गिअर-विनागिअर असा भेद नाही (तो दुचाकीला आहे), आणि क्लच, गिअर, आरसा, हॉर्न, रिक्षा एवढं सगळं एकदम डोक्यात घालायचा हट्ट कुणासाठी करायचा?

नियम पाळायला शिकवावं लागलं नाही, उलट अडचण तीच होती. समोरून राँग साइडनं बाईक आली की हा गाडी उभी करायचा आणि म्हणायचा, तो चुकलाय, त्यानं मागे जायला पाहिजे. बरोबरच आहे पण मागे दहा गाड्या. "अरे चालतं असं" म्हणून त्याला काही पटत नाही, मग मी तोच नियम करून टाकला: समोरचा नियम मोडणार हे धरून चालायचं, आपण वेग कमी करून डावीकडे जागा द्यायची. नियम म्हटल्यावर लगेच पटलं. त्याआधी सहा महिने तो शेजारच्या सीटवर बसायचा आणि मी चालवताना पुढे कोण काय करणार ते मोठ्यानं सांगायचा. २१ दिवसांत गाडी शिकवतो म्हणणाऱ्या क्लासमध्ये हे नसतं.

लर्निंग सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, म्हणून ३१ व्या दिवशी मुलाला ट्रॅकवर नेणारे पालक आहेत. आमची एक लर्निंग मुदत अशीच संपली. दुसरी काढली. फी जाते, जाऊ दे.

पोलिसांची तालीम न करणं

कुणी अडवलं तर काय करायचं हे घरीच दहा वेळा करून बघा. पहिल्या तालमीत मी पोलीस झाले, काच खाली घ्यायला लावली आणि दरडावून म्हणाले "कागद दाखव". त्यानं डॅशबोर्डमधून पेट्रोलची पावती काढून दिली. कागदच तो. आता एक पाऊच आहे, त्यावर मार्करनं लिहिलंय: लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, आणि मागच्या कप्प्यात यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र. मागच्या महिन्यात खरंच अडवलं तेव्हा त्यानं पाऊच जसंच्या तसं हवालदारांच्या हातात दिलं आणि सांगितलं की मागचा कप्पा विचारल्याशिवाय उघडायचा नाही.