गावाकडे निघण्याआधी पुस्तकातला कोड चालता करून घ्या

शनिवारी दुपारी बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावरून खानापूरची गाडी धरायची आणि दोन दिवसांत प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं उरकायची, असा बेत आमच्या भागातली बरीच मुलं करतात. रविवारी सकाळी मी अशाच मुलांबरोबर बसतो. बहुतेकजण मराठी शाळेतून कॉलेजला गेलेली, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा पहिल्यांदाच हातात घेतलेली. तासाभरात कुणीतरी हमखास म्हणतं, "दादा, पुस्तकात हाय तसंच केलंय की, चालंना झालंय." यात मुलाची चूक नसते. कोड चालायला जे लागतं, ते शहरातल्या वायफायपाशीच राहून गेलेलं असतं. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस लागला की लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही. म्हणून खालची सगळी कामं आदल्या संध्याकाळी, खोलीवरच उरकून घ्या.

सगळ्यात आधी पुस्तकाचं साल आणि आवृत्ती बघा, मग प्रस्तावनेत लेखकानं पायथनची कोणती आवृत्ती धरली आहे ते शोधा. प्रिंट या आज्ञेपुढे कंसच नसतील तर ते पायथन 2 चं पुस्तक आहे. पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 लाच संपला, तेव्हा पुस्तकाची नवी आवृत्ती मिळवा. बाकी पुस्तकांसाठी माझं ठाम मत असं की पुस्तक सांगतं तीच पायथनची आवृत्ती घाला, सगळ्यात नवी नको. पायथन 3.12 मधून डिस्टयुटिल्स हे पॅकेज (आपल्याला वापरता येणारा तयार कोड) काढून टाकलं, तक्त्यांसाठीच्या पांडाज या पॅकेजच्या 2.0 आवृत्तीतून तक्त्यात ओळ जोडणारी डेटाफ्रेमची अपेंड ही आज्ञा गेली. जुन्या पुस्तकातला अगदी बरोबर कोड अशा ठिकाणी अडतो आणि नवशिक्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. शिवाय पायथन फार नवं आणि पॅकेज जुनं असेल तर पिपला, म्हणजे पॅकेजेस उतरवून घालणाऱ्या साधनाला, तयार बांधलेली फाइल सापडत नाही. मग ते सी कंपायलर (सी भाषेतला कोड यंत्राला चालेल असा बांधणारा प्रोग्रॅम) शोधत बसतं आणि पडदाभर लाल अक्षरं येतात. पुस्तक 3.10 चं असेल तर विंडोजसाठी 3.10.11 चा इन्स्टॉलर घ्या, कारण त्या मालिकेतला तोच शेवटचा. आधीचं पायथन काढायची गरज नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात.

कोड पीडीएफमधून कॉपी करू नका. सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, ओळींच्या सुरुवातीची जागा नाहीशी होते, आणि पायथनला तर त्या जागेवरूनच सगळं कळतं. प्रस्तावनेत दिलेल्या ठिकाणाहून पूर्ण रेपॉझिटरी, म्हणजे पुस्तकाच्या कोडचं अख्खं फोल्डर, घ्या. जमलं तर गिट या फाइलींचे बदल जपणाऱ्या साधनानं क्लोन करा (तिची नक्कल उतरवा), म्हणजे प्रयोग करताना काही मोडलं तरी मूळ फाइल परत मिळते. मात्र रेपॉझिटरीच्या मुख्य शाखेत पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीचा कोड आलेला असू शकतो. तुमच्या आवृत्तीची वेगळी शाखा किंवा टॅग (नाव देऊन राखलेली प्रत) आहे का, ते बघूनच पुढे जा. शुद्धिपत्र असेल तर तेही उतरवून ठेवा. झिप घेतली असेल तर आधी नीट उघडा. झिपच्या आतूनच फाइल चालवली की शेजारची फाइल सापडत नाही. फोल्डर सी ड्राइव्हवर थेट, लहानशा इंग्रजी नावानं ठेवा, डेस्कटॉपवरच्या फोल्डरातल्या फोल्डरात नको.

आता त्या फोल्डरात व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट (या पुस्तकापुरतं वेगळं पायथन आणि पॅकेजेस) बनवा आणि व्हीएस कोड या संपादकात इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारं पायथन, म्हणून तेच निवडा. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) पॅकेज घातलं आणि संपादक मात्र दुसऱ्याच पायथननं चालवतोय, हा प्रकार मी दर महिन्याला बघतो. नंतर रिक्वायरमेंट्सची फाइल (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) पिपला देऊन पॅकेजेस घाला. एवढ्यावर थांबू नका. पिप डाउनलोड ही आज्ञा वापरून तीच पॅकेजेस एका वेगळ्या फोल्डरात साठवा. एन्व्हायरन्मेंट बिघडलं तर गावात नेटशिवाय त्यातूनच परत घालता येतात. मित्राचा लॅपटॉप आणि पायथन तुमच्यासारखंच असेल तर पेनड्राइव्हवरून त्यालाही द्या.

आपल्या मुलांना खास नडणारी गोष्ट पुढची, आणि इंग्रजी पुस्तकं तिच्यावर फारसं बोलत नाहीत. सरावासाठी मुलं नमुन्याच्या फाइलमध्ये आपली गावं लिहितात. एका मुलीनं 'बेळगाव', 'खानापूर' लिहिलं, तर पडद्यावर डोक्यावर रेघा असलेली रोमन अक्षरं आली. पुढे 'चिक्कोडी' लिहिलं आणि प्रोग्रॅम बंदच पडला. कारण बघण्यासारखं आहे. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं, म्हणजे साठवणीच्या तीन घरांचं, असतं. विंडोजवर पायथन फाइल उघडताना बहुतेक वेळा जुनं 1252 हे कोडपेज (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता) धरतं आणि त्या तीन बाइट्सची तीन वेगळी अक्षरं वाचतं. 'बेळगाव'मधल्या सगळ्या बाइट्सना त्या कोडपेजात काही ना काही अक्षर आहे, म्हणून नुसता कचरा दिसतो. हलन्ताच्या, म्हणजे अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हाच्या, शेवटच्या बाइटला तिथे अक्षरच नाही. त्यामुळे जोडाक्षर आलं की थेट एरर. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-8 असं लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. कन्नड नावंही त्याच एका शब्दानं नीट वाचली जातात.

डेटाच्या फाइलबद्दल आणखी एक. पुस्तकात नुसतं फाइलचं नाव असेल तर टर्मिनलमध्ये आधी त्या प्रकरणाच्या फोल्डरात जा, मग चालवा. फाइल डोळ्यांसमोर असूनही 'सापडत नाही' म्हणते, ते बहुतेक वेळा याचमुळे.

सगळं झालं की वायफाय बंद करा. लॅपटॉप एकदा बंद करून परत चालू करा, आणि पहिल्या प्रकरणातला एक व शेवटच्या प्रकरणातला एक नमुना चालवून बघा. शेवटचा यासाठी की जड पॅकेजेस तिथेच लागतात, आणि एखादा नमुना चालताना गुपचूप नेटवरून डेटा ओढत असेल तर तेही आत्ताच कळतं. तो डेटा लगेच उतरवून घ्या. पायथनचं डॉक्युमेंटेशनही पूर्ण उतरवता येतं, तेही सोबत असू द्या. मग बॅटरी पूर्ण भरा, चार्जर पिशवीत टाका आणि दुसऱ्या दिवशी गाडी धरा.